इंजिनिअरिंग कॉलेजचा नंबर आणि आपल्या मुलांचा प्रवेश

सीईटीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. पर्सेंटाइल किती, कटऑफ किती, फी किती आणि कॉलेज कितव्या नंबरचे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्यापैकी सरळ मिळतात. पर्सेंटाइल निकालपत्रावर असते, मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्ष जाहीर करतो आणि खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कुठून कुठून येते. कुणी मोबाईलवर यादी पाठवतो, दुबईहून मामूंचा फोन येतो, स्टेशनबाहेरच्या बॅनरवर ‘देशात अमुक क्रमांक’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. खडवली, पडघा, टिटवाळा, वासिंद या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत इंजिनिअरिंगला जाणारे मूल हे घरातले पहिलेच असते. ज्या घरात आधी कुणी ही वाट चाललेले नाही, तिथे नंबर हाच वाटाड्या होतो.

हा नंबर खोटा असतो असे आम्हाला म्हणायचे नाही. पण तो कशाचा आहे आणि कुणासाठी आहे, हे न विचारता त्याच्या भरवशावर मुलाची चार वर्षे आणि घराची जमा पुंजी लावणे धोक्याचे आहे. दहावी-बारावीची मुले आणि त्यांचे वालिदैन दरवर्षी आमच्याकडे मशवऱ्याला येतात. त्यांना जे सांगतो, तेच आज सविस्तर मांडतो.

यादी कशी बनते?

आपल्याकडे सगळ्यात जास्त ज्या यादीचा हवाला दिला जातो ती केंद्र सरकारची, म्हणजे एनआयआरएफची. ही व्यवस्था २०१५ मध्ये उभी राहिली आणि पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये आली. तेव्हापासून इंजिनिअरिंगच्या यादीत आयआयटी मद्रास सतत पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्या पवईची आयआयटी मुंबई २०२४ च्या यादीत तिसरी होती. पहिल्या शंभर संस्थांना नेमका क्रमांक मिळतो. त्यापुढच्यांना १०१ ते १५०, १५१ ते २०० अशा गटांत ठेवले जाते.

हे गुण पाच कप्प्यांत दिले जातात. शिकवणे आणि साधनसामग्री यांना १०० पैकी ३०. संशोधन आणि व्यावसायिक काम यांना ३०. विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला, म्हणजे किती पास झाले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले याला २०. मुली, परराज्यातली मुले, गरीब व मागास घटकांतली मुले, अपंगांसाठी सोयी यांना मिळून १०. आणि लोकमत, म्हणजे तज्ज्ञ व नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या मनात संस्थेचे नाव कसे आहे, याला १०.

आता मास्तरांच्या नजरेने हे प्रगतिपुस्तक पाहा. संशोधनाच्या ३० गुणांत प्राध्यापकांचे शोधनिबंध, त्यांचे इतरांनी दिलेले संदर्भ, पेटंट, बाहेरून मिळालेले प्रकल्प आणि सल्लागारीचे पैसे मोजले जातात. शिकवण्याच्या ३० गुणांतही पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या धरली जाते. निष्पत्तीच्या २० गुणांतही दरवर्षी किती जणांनी पीएच.डी. पूर्ण केली याला जागा आहे. म्हणजे एम.टेक. आणि पीएच.डी.चा विभाग मोठा नसेल, तर बी.ई.च्या वर्गात कितीही जीव ओतून शिकवले तरी कॉलेज या यादीत फार वर चढू शकत नाही. उलट संशोधन दांडगे असेल, तर पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित कोण आणि कसे शिकवतो हे न पाहताही नंबर वर जातो.

इमारतीची उपमा घ्यायची तर नंबर प्रामुख्याने वरच्या मजल्याचा असतो. बारावी पास झालेले आपले मूल राहायला जाते ते तळमजल्यावर.

वरचा मजला आणि तळमजला

याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. १९०९ साली, जमशेटजी टाटांच्या दानातून उभी राहिलेली ही संस्था एनआयआरएफच्या विद्यापीठांच्या यादीत २०१६ पासून पहिली आहे. पण शंभरहून अधिक वर्षे तिथे बारावीनंतर प्रवेशच नव्हता. सारे काम पदव्युत्तर शिक्षणाचे आणि संशोधनाचे. बारावीनंतरचा चार वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम तिथे २०११ मध्ये सुरू झाला आणि बी.टेक. तर २०२२ मध्ये, तोही गणित व संगणन या एकाच विषयात. देशातले पहिल्या क्रमांकाचे विद्यापीठ खरे, पण ज्या मुलाला सिव्हिल किंवा मेकॅनिकल घेऊन बी.टेक. करायचे आहे त्याला त्या क्रमांकाचा काय उपयोग?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या माटुंग्यात दोन मोठ्या संस्था एकमेकींच्या शेजारी आहेत. एक आयसीटी, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली. दुसरी व्हीजेटीआय, १८८७ सालची. आयसीटी रासायनिक तंत्रज्ञानातली नावाजलेली संस्था आहे. तिथे पीएच.डी. करणाऱ्यांची परंपरा जुनी आणि मोठी, त्यामुळे राष्ट्रीय यादीत तिचे नाव बरेच वर असते. व्हीजेटीआयला कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, सिव्हिल अशा शाखा आहेत आणि सीईटीत अगदी वरच्या गुणांची मुले तिथे जागा मिळावी म्हणून झटतात. आता कॉम्प्युटर शिकायचे असलेल्या मुलीने आयसीटीचा नंबर पाहून काय करावे? आणि रसायनात जीव असलेल्या मुलाने त्या नंबराकडे दुर्लक्ष का करावे? संस्थेला एक नंबर मिळतो, पण मूल शिकते एका शाखेत. शाखा सोडून नंबराकडे पाहणे म्हणजे आजार न सांगता मोठ्या डॉक्टरांचा पत्ता विचारणे आहे.

अमेरिकेत तर हा फरक उघड मान्य केला आहे. तिथल्या यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट या प्रकाशनाच्या याद्या जगभर प्रसिद्ध आहेत. ते पदव्युत्तर इंजिनिअरिंगची यादी वेगळी काढतात आणि बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगची वेगळी. पदव्युत्तर यादीत संशोधनावर होणारा खर्च, राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत निवडले गेलेले प्राध्यापक, पीएच.डी.चे विद्यार्थी अशा गोष्टी मोजल्या जातात. बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगच्या याद्या पुन्हा दोन आहेत. पीएच.डी. देणाऱ्या संस्थांची एक आणि न देणाऱ्यांची दुसरी. या दुसऱ्या यादीत इंडियाना राज्यातली रोझ-हलमन ही संस्था पंचवीसहून अधिक वर्षे सलग पहिली आली आहे. तिथे पीएच.डी. नाहीच, त्यामुळे पदव्युत्तर यादीत तिचे नाव वर दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ‘अमेरिकेतल्या टॉप युनिव्हर्सिटीत बी.एस. करा’ असे सांगणारा सल्लागार यातली कोणती यादी दाखवतो आहे, हे त्याला जरूर विचारावे. एवढे मात्र ध्यानात ठेवा की बारावीनंतरची ती यादीही केवळ इतर कॉलेजांचे प्रमुख आणि ज्येष्ठ प्राध्यापक यांच्या मतांवर काढली जाते. तिथे वर्गात जाऊन कुणी पाहिलेले नसते.

मग नंबर अगदीच निरुपयोगी का?

तसे नाही. वरच्या मजल्यावर दिवे असले की थोडा उजेड तळमजल्यावरही पडतो. आयआयटीसारख्या संस्थेत प्रयोगशाळा मोठ्या असतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना प्राध्यापकांच्या प्रकल्पात हात घालायला मिळतो, कंपन्या दारात येतात आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बाकावर शेजारी बसणारी मुलेही हुशार आणि मेहनती असतात. आपल्या मुलाला जेईई अॅडव्हान्स्डमधून आयआयटीत हवी ती शाखा मिळत असेल, तर विचार करत बसू नका. बिस्मिल्लाह करा आणि पाठवा.

पण अशी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपल्या बहुतेक मुलांपुढे प्रश्न असतो तो यादीत १२०वे असलेले कॉलेज, १८०वे असलेले कॉलेज आणि यादीत नावच नसलेले कॉलेज यांतून निवडण्याचा. तिथे नंबराच्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. यादीत नाव नसण्याचे कारणही अनेकदा साधे असते. पदव्युत्तर विभाग लहान, संशोधन नाही, म्हणून गुण नाहीत. कॉलेज वाईट आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ते चांगले आहे असाही होत नाही. यादी त्याविषयी गप्प आहे, इतकेच.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रम एकच असतो आणि पदवीही विद्यापीठाचीच मिळते. फरक पडतो तो शिक्षकात, प्रयोगशाळेत, सोबतच्या मुलांत आणि घरापासूनच्या अंतरात. हे सगळे नंबरात दिसत नाही.

जिथे खरे उत्तर लिहिलेले असते

गंमत अशी की ज्या एनआयआरएफचा नंबर आपण वाचतो, त्याच एनआयआरएफकडे प्रत्येक सहभागी कॉलेजने भरलेली माहिती खुली ठेवलेली असते. नंबर सगळे वाचतात, ती फाईल कुणी उघडत नाही. तिच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावासमोर ती मिळते. बहुतेक कॉलेजे आपल्या संकेतस्थळावरही ती ठेवतात. माहिती कॉलेजने स्वतः भरलेली असते हे लक्षात ठेवून ती वाचायची. त्यात चार वर्षांच्या पदवीचे आकडे वेगळे आणि पदव्युत्तरचे वेगळे असतात. आपल्याला हवा तो तळमजला तिथे सापडतो.

त्या फाईलमध्ये कोणत्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला, त्यातली किती ठरलेल्या चार वर्षांत पास झाली, किती नोकरीला लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती आणि किती पुढे शिकायला गेली, असे तीन वर्षांचे तक्ते असतात. एका वहीवर हे आकडे उतरवून घ्या आणि भागाकार करा.

समजा, एका कॉलेजात १२० मुलांनी प्रवेश घेतला. त्यातली ७० चार वर्षांत पास झाली. या सत्तरांपैकी कंपन्यांच्या अटीत बसणारी मुले ५० आणि त्यातल्या ४० जणांना नोकरी लागली. कॉलेजच्या बॅनरवर लिहिले जाईल, ‘८० टक्के प्लेसमेंट’. हिशेब चुकीचा नाही, कारण पन्नासांतले चाळीस म्हणजे ८० टक्केच. पण तुमचे मूल आज प्रवेश घेणाऱ्या १२० मुलांत बसणार आहे. त्या १२० पैकी ४० म्हणजे तिघांत एक. आणि सगळ्यात मोठा प्रश्न नोकरीचा नाहीच, तर चार वर्षांत पास न झालेल्या ५० मुलांचे काय झाले हा आहे. कुणाला पहिल्या वर्षाच्या गणितात केटी लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही, कुणाचे वर्ष वाया गेले, कुणी सोडून दिले. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी इंग्रजीतून यांत्रिकी आणि गणित शिकायचे असते. अशा मुलाला सांभाळून घेणारे कॉलेज कोणते, हे त्या ७० च्या आकड्यावरून थोडेफार कळते. मात्र एक खबरदारी घ्या. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांचा आकडा तक्त्यात वेगळा दिलेला असतो, तो मूळ प्रवेशसंख्येत मिळवल्याशिवाय भागाकार करू नये.

पगाराचेही तसेच. बॅनरवर असते ते ‘सर्वोच्च पॅकेज’. दहावीच्या गणितात आपण मध्य आणि मध्यक शिकवतो, तो धडा इथे कामी येतो. पाच मुलांचे वर्षाचे पगार ३, ३, ४, ४ आणि ३६ लाख आहेत असे समजा. बेरीज ५० लाख, सरासरी १० लाख. जाहिरातीत सर्वोच्च ३६ आणि सरासरी १० दिसेल. पण ओळीने मांडले तर मधल्या मुलाचा पगार ४ लाख. हा मध्यक. आपल्या मुलाचा पगार किती असेल याचा अंदाज बांधायचा तर मध्यकावरून बांधावा. एनआयआरएफच्या तक्त्यात मध्यकच दिलेला असतो, हे या व्यवस्थेचे चांगले काम म्हणायला हवे.

त्याच फाईलमध्ये मुली किती आणि मुलगे किती हेही असते. लेकीला लांब पाठवताना घाबरणाऱ्या अम्मींना आम्ही हा आकडा आधी दाखवतो. ज्या कॉलेजात शेकडो मुली आहेत, तिथे त्यांच्यासाठीच्या सोयी कागदावर राहत नाहीत. आणि शिक्षकांची संख्या जरूर पाहा. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा एआयसीटीईचा दंडक आहे. कॉलेजात जाल तेव्हा तुमच्या शाखेचे शिक्षक कायमचे किती, दरवर्षी बदलणारे किती, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ऑफिसात विचारून उपयोग नाही, कॅन्टीनमध्ये विचारा.

कुवेतने दिलेला धडा

नंबरापेक्षा एक वेगळी गोष्ट किती जड ठरू शकते, हे आखातात गेलेल्या आपल्या लोकांनी २०१८ मध्ये अनुभवले. कुवेतमध्ये अभियंता म्हणून काम करणाऱ्यांचे परवाने पुढे चालू ठेवायला तिथल्या अभियंत्यांच्या संघटनेचे ना-हरकत पत्र लागू लागले. आणि भारतीय पदवीच्या बाबतीत त्या संघटनेने एकच विचारले, तुमचा अभ्यासक्रम एनबीएने मान्य केलेला आहे का? कित्येक वर्षे तिथे नोकरी केलेले अभियंते अडकले. मोठ्या नावाच्या संस्थांतून शिकलेले, पण ज्यांच्या अभ्यासक्रमाला एनबीएची मान्यता नव्हती, असेही त्यात होते. प्रश्न आपल्या परराष्ट्र मंत्रालयापर्यंत गेला.

एनबीए म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ. १९९४ मध्ये ते एआयसीटीईने सुरू केले, पुढे ते स्वायत्त झाले. ते संस्थेला नंबर देत नाही. एकेका शाखेचा एकेक अभ्यासक्रम तपासते आणि ठराविक वर्षांसाठी मान्यता देते. म्हणून एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असते आणि कॉम्प्युटरला नसते, असे होऊ शकते. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन करार नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा कायम सदस्य झाला. त्यामुळे एनबीएने टिअर-१ या वर्गात मान्य केलेल्या, म्हणजे स्वायत्त संस्थांतल्या आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या अभ्यासक्रमांना सदस्य देशांत बरोबरीचे मानले जाते.

भिवंडी, पडघा, मुंब्रा, कल्याण, कोकण सगळीकडे आपल्या घरांतले कुणी ना कुणी आखातात आहेच. मुलगा चार वर्षांनी तिकडे जाईल असे मनात असेल, तर कॉलेज कितवे हे विचारण्याआधी ‘माझ्या शाखेला एनबीए आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत’ हे विचारा. नॅकचा दर्जा वेगळा. तो पूर्ण संस्थेला मिळतो, एकेका शाखेला नाही.

खडवलीहून रोज

आपल्या भागातल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही यादीत बसत नाही. खडवलीहून दादरला जायला लोकलने दीड-पावणेदोन तास लागतात. पावसाळ्यात गाड्या रखडल्या की किती, ते सांगायला नको. दादर-माटुंग्याच्या कॉलेजात शिकणारा मुलगा रोज तीन-साडेतीन तास गाडीत काढतो. त्यावर सबमिशन, जर्नल, व्हायवा. चांगली शाखा, चांगले शिक्षक मिळत असतील तर हे कष्ट उचलायला हरकत नाही. आमच्या भागातली मुले उचलतातही. पण केवळ गटात पन्नास नंबर वर आहे म्हणून रोजचे तीन तास देणे हा तोट्याचा सौदा आहे. आसनगाव, कल्याण, डोंबिवली, ठाणे इथल्या कॉलेजांत अर्ध्या वेळेत पोहोचता येते. वाचलेला वेळ अभ्यासाला मिळतो.

मागच्या पावसाळ्यात स्टेशन ते पडघा रिक्षा चालवणारे एक वालिद आमच्याकडे आले. मुलीला सीईटीत बरे गुण होते. घराला इतर मागासवर्गाचा दाखला होता आणि उत्पन्न मर्यादेत होते. एका खासगी विद्यापीठाने फोन करून त्यांना बोलावले होते. राष्ट्रीय यादीतला गट सांगितला आणि फी हप्त्याने भरा म्हणाले. दुसरीकडे कॅप राउंडमधून जवळच्या एका संलग्न कॉलेजात जागा मिळण्याची शक्यता होती. त्याचे नाव कोणत्याच यादीत वर नव्हते. आम्ही दोन्हीकडची कागदपत्रे समोर मांडून बसलो. खासगी विद्यापीठाच्या पदवीच्या तक्त्यात चार वर्षांत पास होणाऱ्यांचा आकडा जवळच्या कॉलेजपेक्षा फारसा चांगला नव्हता. मग फीकडे वळलो. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. पण ती सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या जागेला आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही. म्हणजे एकीकडे लाखो रुपयांची फी आणि कर्ज, दुसरीकडे फी माफ. मधे उभा होता तो फक्त नंबर.

मुलगी जवळच्या कॉलेजात गेली. पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागली, दुसऱ्याला सुटली. पुढचे तिच्या मेहनतीवर.

आपल्या समाजाने चालवलेली कॉलेजेही आहेत. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामचे भायखळ्याचे साबू सिद्दीक इंजिनिअरिंग कॉलेज १९८४ पासून आहे, नवीन पनवेलचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस २०११ पासून. अशा अल्पसंख्याक संस्थांत समाजाच्या मुलांसाठी जागांचा वेगळा हिस्सा असतो, त्यामुळे तिथला कटऑफ आपल्या मुलांसाठी वेगळा लागतो. ऑप्शन फॉर्म भरताना हा रकाना नजरेआड करू नका. मात्र तेच तक्ते, तीच एनबीए, तेच प्रश्न तिथेही लावा. आपले आहे म्हणून सूट नको आणि आपले आहे म्हणून नाक मुरडणेही नको. शिवाय पाच टक्के जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात, महाडीबीटीवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती असते आणि मौलाना आझाद महामंडळाचे शैक्षणिक कर्ज असते. दाखले जूनमध्ये नव्हे, बारावीच्या परीक्षेआधी काढून ठेवा. दाखला वेळेत नाही म्हणून गेलेली सवलत परत मिळत नाही.

चौथ्या वर्षी यादी बाहेर काढा

मग संशोधनाच्या गुणांनी भरलेली ही यादी कुणाच्या कामाची? तुमच्याच मुलाच्या, पण तीन-चार वर्षांनंतर. ज्या दिवशी तो वरच्या मजल्याचा जिना चढायला निघेल, त्या दिवशी ती यादी त्याच्यासाठी आहे.

हा जिना गेट नावाच्या परीक्षेतून जातो. आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था मिळून ही परीक्षा दर फेब्रुवारीत घेतात. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात आणि मिळालेले गुण तीन वर्षे चालतात. गेटचा पेपर तुम्ही कुठल्या कॉलेजातून आलात हे विचारत नाही. नाव नसलेल्या कॉलेजातला मुलगा चांगले गुण मिळवून पवईला एम.टेक. करू शकतो. त्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळते. म्हणजे जी आयआयटी बारावीला हुकली, तिचे दार चार वर्षांनी पुन्हा उघडते आणि त्या वेळी घरातून फार पैसे काढावे लागत नाहीत. अनेक सरकारी कंपन्याही गेटच्या गुणांवर अभियंते घेतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्या वाटेने जाता येते.

तेव्हा मात्र यादी नीट वाचायची. संशोधनाचे गुण किती, आपल्या शाखेचा विभाग कसा, कोणते प्राध्यापक कशावर काम करतात, त्यांच्याकडे बाहेरचे प्रकल्प आहेत का, हे सगळे पाहायचे. परदेशात एम.एस. करायचे असेल तर पूर्ण विद्यापीठाचा नंबर सोडून त्या शाखेचा पाहायचा. आणि कर्ज काढण्याआधी तिथून पास झालेल्या, आपल्यासारख्याच घरातल्या दोन मुलांशी बोलायचे.

ही वाट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. बारावीला मोठे कॉलेज नाही मिळाले की ‘गेला चान्स’ म्हणून मूलही खचते आणि घरही. गेटची तयारी चौथ्या वर्षी सुरू करून भागत नाही, दुसऱ्या वर्षापासून विषय पक्के करावे लागतात. आणि विषय पक्के होतात ते तळमजल्यावर, जिथे शिक्षक वर्गात येतो, प्रयोगशाळा उघडी असते आणि मुलगा गाडीत झोपत नाही.

ऑप्शन फॉर्म भरताना

ऑप्शन फॉर्मवरच्या क्रमाला फार किंमत आहे. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, मागाहून मन बदलून चालत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. मूल, अम्मी, अब्बा आणि शिकलेले एक मोठे भाऊ किंवा आपा, एवढे जण बसा. एका कागदावर पाच रकाने आखा. हवी ती शाखा आहे का? त्या शाखेला एनबीए आहे का? प्रवेश घेतलेल्यांपैकी चार वर्षांत पास किती? पगाराचा मध्यक किती? घरापासून वेळ आणि सवलत वजा जाता फी किती? कॉलेजांची नावे खाली लिहा आणि रकाने भरा. सहावा रकाना नंबराचा ठेवायचा असेल तर ठेवा, पण तो शेवटी.

आणि या कागदावर मुलाचे मत पहिले लिहा. फी तुम्ही भराल, पण रोज सकाळची गाडी त्याला पकडायची आहे आणि तो पेपर त्यालाच सोडवायचा आहे. कागद भरून झाला की मशवरा पुरा झाला. पुढे इस्तिखारा करायचा तो करा, पण रकाने कोरे ठेवून नको.